सुजाता नावाचं अक्षर

उदगीरहून बिदरला येणारी बस नौबादला वळते तिथे डाव्या हाताला विजेचे दोन खांब आहेत, आणि त्या खांबांच्या मध्ये आमच्याकडची मरणं टांगली जातात. म्हणजे श्रद्धांजलीचे फ्लेक्स. वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे पलीकडे, पेट्रोल पंपाच्या अंगाला. ही जागा कुणी ठरवून दिलेली नाही, पण ठरलेली आहे. मेव्हण्याच्या शेतावर काही दिवस राहून मी परत येत होतो. तिथं फोनला रेंज नाही, त्यामुळे जगाची काही खबर नव्हती, आणि बसमध्ये डोळा लागला होता. वळणावर जाग आली आणि लांबून ते तिरपं अक्षर दिसलं. नाव दिसण्याइतका मी जवळ नव्हतो, चष्माही खिशात होता. पण आमच्या भागात आता त्यासाठी नाव वाचावं लागत नाही. अक्षर उजवीकडं झुकलेलं दिसलं की समजायचं, कुणीतरी गेलं. कोण गेलं असेल बरं... असं म्हणत मी पिशवी आवरायला लागलो. खरं सांगतो, मनात काहीच आलं नाही. बस फ्लेक्सच्या जवळून गेली तेव्हा फोटो दिसला. शाळेच्या ओळखपत्रावरचा, ओठ मिटून हसणारा सूर्यकांत. त्याचं नाव त्याच्याच अक्षरात. कंडक्टर म्हणायलाय, “अण्णा, उतरायचं न्हाई का? नौबाद आलं की.”

ते अक्षर त्यानं काढलं होतं, लेकीच्या लग्नपत्रिकेसाठी. ही गोष्ट आज फ्लेक्स लावणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आमची मैत्री शाळेतली. तो बौद्ध घरातला, मी शेतकऱ्याच्या घरातला. दोघांची चित्रकला बरी आणि गणित वाईट, मैत्रीला एवढं पुरलं. पुढे तो कलबुर्गीला चित्रकला शिकला आणि बिदरच्या एका हायस्कुलात ड्रॉइंगचा मास्तर झाला. मी नौबादला लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं. सगळे त्याला सर म्हणायचे, मी सूर्या. शाळा सुटली की तो माझ्या दुकानात येऊन बसायचा, आणि समोर जी पत्रिका पडलेली असेल ती उचलून उलटी धरायचा. डोकं खाली, पाय वर. हात लांब करून, एक डोळा मिटून बघत राहायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं या मास्तरला वाचता येत नाही. “सर, उलटं धरलंय की ओ,” असं एखादा हळूच सांगायचा. “वाचायलो न्हाई, बघायलोय,” हे त्याचं ठरलेलं उत्तर. मला त्यानं समजावून सांगितलं होतं, की वाचायला लागलं की अर्थ मध्ये येतो आणि अक्षर दिसेनासं होतं. “भुकेल्या माणसाला भाकर दिसत न्हाई, नाम्या. भूक दिसती.” मला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं. फक्त त्या सवयीनं पुढे काय करून ठेवलं, तेही मला माहीत आहे.

शकुन-अपशकुनाची त्याला भारी चीड. माझ्या दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची असते, तिला तो रोज टपली मारून आत यायचा. “मिरची राखण करती व्हय रे दुकानाची? मग कुलूप कामून लावतोस?” त्यांच्या घरात मुहूर्त बघत नाहीत, मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देतात. मी मात्र आमच्या आजीच्या वळणावर गेलेला माणूस. संध्याकाळी सुई द्यायची नाही म्हणजे नाही. यावरून तो मला आयुष्यभर पिडत आला, आणि त्यात माझं काही बिघडलं नाही.

तर ते अक्षर. पत्रिकेत वधू-वरांची नावं तिरपी लावायची पद्धत आहे. दिसायला नाजूक दिसतात. पण आमच्याकडं तेव्हा वेगळं तिरपं अक्षर नव्हतंच. सरळ अक्षर संगणकानं एका अंगाला ढकलायचं आणि छापायचं. सूर्यकांतला ते बघवायचं नाही. “हे झुकलेलं न्हाई, पडलेलं हाय,” म्हणायचा. इंग्रजीत तिरपं अक्षर वेगळं काढलेलं असतं, पेनाच्या वळणाचं, आणि प्रत्येक उभ्या रेघेला खाली बारीकसा पाय असतो. त्या पायावर अक्षर झुकूनही उभं राहतं. मराठीला असा पाय द्यायचा, वरची रेघ न मोडता झुकवायचं, हे त्याच्या डोक्यात बसलं. नमुना मात्र मनासारखा मिळेना. पुस्तकातली अक्षरं बारीक, त्यांत वळण कुठं जाड होतं नि कुठं बारीक, ते कळत नव्हतं. शेवटी एक दिवस तो मला मोटारसायकलवर घालून गावाबाहेरच्या जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानात घेऊन गेला. तिथं म्हणे इंग्रजांच्या काळातला एक दगड आहे, त्याच्यावर असलं अक्षर कोरलंय की बोटानं चाचपता यावं.

मी फाटकाच्या आत गेलो नाही. तो गेला. बाभळीखाली एक दगड आडवा झाला होता, अर्धा मातीत, वर शेवाळ. त्यावर त्यानं कागद ठेवून पेन्सिल घासली, तुकड्यातुकड्यानं, आणि अक्षरांचे ठसे उचलून आणले. दगडाच्या डोक्याच्या बाजूला उभं राहून, म्हणजे अक्षरं उलटी दिसतील असं. मी लांबूनच म्हणालो, “सूर्या, असल्या जागेवरनं काही घरला नेऊ नये.” तो गुडघ्यावरची माती झाडत हसला. “अक्षराला कुठलं मसण असतंय रे?” मी विचारलं, कुणाचा दगड आहे. तर म्हणाला, “कुणाला माहीत. वाचलंच न्हाई.”

घरी सुजाता तेव्हा पाटीवर लिहायला लागली होती. एकुलती लेक. तिची सगळी अक्षरं उजवीकडं झुकायची, धावत निघाल्यासारखी. शाळेतली बाई म्हणायची, सर, तुमच्याच मुलीचं अक्षर वाकडं, सरळ करा की. सूर्यकांतनं ते सरळ केलं नाही. उलट तिच्या पाटीवरचा कल मोजला, दगडावरचे पाय घेतले, आणि दोन्ही मिळून त्याचं अक्षर जमायला लागलं. त्याला काही वर्षं लागली. सुट्टीत काढायचं, शाळा सुरू झाली की बंद. आधी कागदावर मोठं काढून मग संगणकात चढवायचं. ‘क’चा पोट असलेला भाग जमेना म्हणून एक उन्हाळा नुसता ‘क’ काढत बसला. लग्नपत्रिकेला जी अक्षरं लागतात ती आधी, बाकीची मागनं, असा त्याचा क्रम होता. फॉन्टला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं विचारसुद्धा केला नाही. सुजाता. “हिच्या लग्नाची पत्रिका ह्या अक्षरात निघंल. तवर कुणाला द्यायचं न्हाई,” असं त्यानं मला त्याच्या घरी बसून सांगितलं होतं. मी म्हणालो, तवर मी जगलो पाहिजे. त्यावर त्याची बायको, शालनवहिनी, म्हणाल्या, “असलं वंगाळ कशाला बोलायलाव भाऊजी?” आणि चहा ओतला.

तो शब्द त्यानं मोडला तो चांगल्या कारणासाठी मोडला. आमचे जुने हेडमास्तर वारले. सूर्यकांतला चित्रकलेला पाठवलं ते त्यांनीच. घरच्यांना समजावायला स्वतः त्याच्या वस्तीत जाऊन बसले होते. त्यांचा फ्लेक्स ढकललेल्या अक्षरात लागावा हे त्याला सोसेना. नौबादच्या कोपऱ्यावर महेबूबचं फ्लेक्सचं दुकान आहे, तिथं तो पेनड्राइव्ह घेऊन गेला. अडचण अशी, की पत्रिकेतल्या नावांत न लागणारी जोडाक्षरं त्यानं काढलीच नव्हती. ‘स्मृती’तला ‘स्मृ’ नव्हता, ‘श्रद्धांजली’तला ‘द्ध’ नव्हता. महेबूबच्या दुकानात, मशीनच्या घरघरीत बसून त्यानं ती दोन अक्षरं काढली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आणि मी पत्रिकांच्या धंद्यातला माणूस आहे म्हणून सांगतो, त्या सबंध फॉन्टमध्ये त्या दोन अक्षरांइतकं देखणं दुसरं काही नाही. ‘द्ध’ची खालची गाठ बघा कधी, शाईनं मान खाली घातल्यासारखी वळते. फ्लेक्स वर गेला तेव्हा लोक थांबून बघत होते. एक जण म्हणाला, असला फ्लेक्स असल तर मेलेलं बी परवडतंय. आम्ही हसलो. हेडमास्तरांना ते आवडलं असतं.

फाइल महेबूबच्या संगणकात राहिली. त्यात त्याची लबाडी नाही. सूर्यकांतनंच काढून घेतली नव्हती, आणि महेबूबनं ती मागणाऱ्याला दिली, जसं सगळे देतात. पेनड्राइव्हवरून ती औरादला गेली, संतपूरला गेली, मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवरच्या दुकानात गेली, तिकडं उदगीरपर्यंत गेली. वर कन्नड ओळ कुठल्याही अक्षरात, खाली मराठी मात्र सुजातात. हेडमास्तरांसारखाच करा, असं लोक सांगायचे. सुरुवातीला सूर्यकांतला अभिमान वाटला. गाडीवरून जाताना फ्लेक्स दिसला की तो मान वाकडी करून उलटं बघायचा प्रयत्न करायचा, मागं बसलेल्या माझा जीव खालीवर.

मग महासाथीचा दुसरा उन्हाळा आला. ते दिवस कुणाला सांगायला नकोत. खांबांच्या मधली जागा पुरेना, तेव्हा फ्लेक्स रस्त्याच्या कडेनं लागत गेले, एकापुढं एक, बिदरच्या दिशेनं. सगळे तिरपे. एका संध्याकाळी आम्ही दोघं तोंडाला रुमाल बांधून त्या रस्त्यानं आलो. वारा होता, कापडं फडफडत होती, माणूस रस्त्यावर नव्हता. इतकी अक्षरं एकाच बाजूला झुकलेली... जणू सगळी मिळून कुठंतरी निघाली होती आणि आम्ही त्यांच्या वाटेत आलो होतो. सूर्यकांतनं गाडी थांबवली. मला वाटलं, रडेल. तो नुसतं म्हणाला, “हे मी न्हाई काढलं, नाम्या.” मी म्हणालो, नाही, तू पत्रिकेचं काढलंस. आम्ही पुढं निघालो.

त्याच दिवसांत महेबूबच्या दुकानात एक बोलणं सुरू झालं आणि तिथून सगळीकडं गेलं. कुणी फोन केला, अमुक वारले, फ्लेक्स करा, की दुकानातला माणूस आतल्याला ओरडून सांगायचा, “सुजाता लाव रे.” मन्नाएखेळ्ळीलाही हेच, संतपूरलाही हेच. सुजाता लाव म्हणजे माणूस गेला. सूर्यकांतची सुजाता तेव्हा बिदरला कॉलेजात होती. वडिलांसाठी शाळेचा बोर्ड आणायला म्हणून एकदा दुकानात गेली, आणि तिच्या समोर कुणीतरी ते ओरडलं. घरी येऊन वडिलांना म्हणाली, “पप्पा, माझं नाव घेतलं की तिथं मयतीचं काम सुरू व्हायलंय.” हसत म्हणाली म्हणे. पण सूर्यकांत त्या दिवशी माझ्याकडं आला आणि पत्रिका न उचलता बसून राहिला.

माझ्या दुकानात त्या अक्षरातला एक नमुना काचेत लावलेला होता. ‘मंगल परिणय’, आणि खाली कोणतीतरी दोन नावं. माझ्या मते दुकानातला सर्वात सुंदर कागद. पण गिऱ्हाईक तिथपर्यंत यायचं आणि थबकायचं. “हे नगं ओ. हे मयतीचं अक्षर हाय.” मी समजावून सांगायचो, अहो हे लग्नाचंच आहे, मुळात लग्नाचं. ऐकतंय कोण? संतपूरकडची एक म्हातारी नातीची पत्रिका ठरवायला आली होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिला कळलं. काच सरकवून तिनं तो कागद पालथा घातला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “लग्नाच्या दुकानात हे कामून ठेवलाव, अप्पा?” मी तो कागद पुन्हा सरळ केला नाही, आतल्या कप्प्यात टाकला. सूर्यकांतनं विचारलं तेव्हा सांगितलं की ऊन लागून पिवळा पडायला लागला होता. त्याला कळलं असणार.

सुजाताचं लग्न ठरलं. कलबुर्गीचं घर, बौद्धच, शिकलेलं. मुलगा इंजिनियर, वडील बँकेतून रिटायर झालेले. सूर्यकांतनं पत्रिकेचा मसुदा स्वतः काढला होता आणि बोलणीच्या दिवशी पाहुण्यांच्या पुढं ठेवला. मी तिथं होतो. व्याह्यांनी चष्मा लावला, पत्रिका बघितली, बायकोकडं दिली. बायकोनं तिच्या जावेकडं दिली. चहा झाला, पोहे झाले. मग व्याही घसा खाकरून म्हणाले, “सर, आम्ही असलं काही मानत न्हाईत. आपल्यात मानायचं कारणच न्हाई. पण पाहुणेरावळे बघा... सगळे सारखे नसतेत. आमच्याकडची आम्ही वेगळी छापून घेताव.” सूर्यकांत म्हणाला, घ्या की, बरोबर हाय. आमच्याकडची मात्र ह्याच अक्षरात निघंल. सुजाता आतून आली आणि म्हणाली, “माझी ह्यातच निघंल.” बाप-लेक एकमेकांकडं बघून हसले. त्या क्षणी ती दोघं इतकी सारखी दिसली की मला, या लिंबू-मिरचीवाल्याला, पहिल्यांदा वाटलं, गावाचं काय घेऊन बसलोय आपण. निघू दे पत्रिका.

आणि इथं त्याची ती सवय आडवी आली. पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना त्याला नक्षी हवी होती. जुन्या दगडाच्या कोपऱ्यात एक वेल कोरलेली आहे, ती अक्षराशी जुळेल, असं त्याला आठवलं. पुन्हा मला घेऊन कब्रस्तानात गेला. मधल्या वर्षांत कुणीतरी साफसफाई केली होती. बाभळी तोडलेल्या, दगड उचलून उभा केलेला, शेवाळ घासून काढलेलं. या वेळी मीही आत गेलो. दिवसाउजेडी दोघं होतो, आणि लग्नघरचं काम होतं. दगड उभा असल्यामुळे आता तो उलटा बघता येत नव्हता. समोर उभं राहिलं की वाचावंच लागत होतं. सूर्यकांत कागद लावायला वाकला आणि तसाच राहिला.

एका मुलीचा दगड होता. नाव मी इथं लिहीत नाही. वय सुजाताएवढंच, थोडंसं कमीच. आणि नावाच्या खाली, सगळ्यात सुंदर झुकलेल्या ओळीत, अमुक साहेब आणि त्यांच्या पत्नी यांची लाडकी कन्या, असं इंग्रजीत कोरलेलं होतं. त्याच्या हातातल्या मसुद्यावर काय होतं ते मला पाठ होतं, कारण तशा ओळी लावण्यात माझा जन्म गेला. आयुष्मती सुजाता, सौ. शालन व श्री. सूर्यकांत यांची लाडकी कन्या. भाषा वेगळी, पण ओळ तीच, त्याच जागी, तसेच पाय असलेल्या, तशाच झुकलेल्या अक्षरात. पाटी आणि पत्रिका यांच्या मध्ये त्या दगडाखालच्या पोरीला त्यानं वर्षानुवर्षं घरात वागवलं होतं आणि एकदाही तिचं नाव वाचलं नव्हतं.

त्यानं कागद गुंडाळून घेतला. नक्षी घेतली नाही. गाडीवर बसताना त्यानं फक्त विचारलं, “तू तवा म्हणाला होतास न्हाई का रे, हितनं काही नेऊ नये म्हणून?” मी म्हणालो, मी काय, मी सगळीकडंच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. दाराच्या मिरचीला टपली मारली नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “साध्या अक्षरात लाव.” मी विचारलं, काय साध्या अक्षरात? “सुजाताची पत्रिका. सरळ अक्षर लाव कुठलंबी.” मी म्हणालो, सूर्या, तूच मानायलास आता? त्यानं समोरची पत्रिका बाजूला सरकवली. मग म्हणाला, “मानत न्हाई मी. आजबी मानत न्हाई. पण मला भ्या वाटायलंय.” हात मांडीखाली धरून बसला होता. चित्रकाराचे हात, कधी रिकामे न दिसणारे. एवढं घाबरलेलं माणूस मी लग्नघरात पाहिलं नव्हतं. मी सरळ अक्षरात लावली.

सुजाताला ते छापून आल्यावर कळलं. दुकानात आली, गठ्ठ्यातली एक पत्रिका काढली, आणि माझ्या देखत वडिलांना म्हणाली, “पप्पा, माझं नाव तुम्ही गावाला देऊन टाकलाव. ठीक हाय. पण एक दिवस तरी मला परत द्यायचं होतं.” त्यानं मान वर केली नाही. दगडाचं तिला सांगितलं नव्हतं, मलाही सांगू दिलं नाही. लग्न व्यवस्थित झालं. वंदना झाली, जेवणं झाली, कुठं काही कमी पडलं नाही. बाप-लेकीच्या मध्ये मात्र काहीतरी कमी पडलं ते राहूनच गेलं. ती कलबुर्गीहून फोन करायची, आईशी जास्त बोलायची.

त्यानंतर तो फ्लेक्सच्या दुकानांच्या मागं लागला. फॉन्ट काढून टाका, म्हणून. मी त्याच्याबरोबर संतपूरला गेलो, मन्नाएखेळ्ळीला गेलो. लोक त्याला मान द्यायचे, खुर्ची पुसून द्यायचे, हो सर म्हणायचे, आणि आमची पाठ फिरली की पुन्हा तेच. महेबूब तेवढा खरं बोलला. “सर, मैं काढतो. पण तुम्हीच सांगा, दुसऱ्या अक्षरात लावला तर लोकांना कळंना झालंय. मागल्या हप्त्यात सरळ अक्षरात लावला, तर लोक म्हणायले, वाढदिवस हाय का म्हणून. बुड्ढ्याचा लेक माझ्या दुकानात येऊन रडला. मयत झाली तर मयत दिसायला नको का, सर?” परत येताना गाडीवर म्हणाला, “खरं बोलायलाय तो. लोकांना लागतंय आता ते.” आवाजात राग नव्हता, आणि तेच मला आवडलं नाही.

शेवटी शेवटी तो दुकानात कमी यायला लागला. आला की ते अक्षर कुठं दिसलं ते सांगायचा. भालकीच्या रस्त्याला आहे, कोर्टाजवळ आहे, आमच्या गल्लीच्या तोंडाला लागलंय. जवळ जवळ येत असल्यासारखं सांगायचा. सुजाताला दिवस गेल्याचं कळल्यावर तर त्यानं मला एक विचित्र गोष्ट करायला लावली. माझ्या संगणकातला फॉन्ट काढून टाकायला लावला, आणि काढल्यावर पुन्हा पुन्हा बघितलं, गेला का म्हणून. आमची शेवटची भेट तीच. जाताना दारात थांबला. काउंटरवरची कुठली तरी पत्रिका उचलली, सवयीनं उलटी धरली, हात लांब केला. मग मला म्हणाला, “एक गंमत बघितलीस का, नाम्या? तिरपं अक्षर उलटं धरलं तरी त्याच अंगाला झुकतंय. कसंबी धर.” मी धरून बघितलं. खरंच होतं. इतकी वर्षं त्या धंद्यात काढून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी शेतावर गेलो आणि इकडं तो सकाळी चहाचा कप हातात घेऊन बसला आणि गेला. हृदय. दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. फ्लेक्स कुणी सांगितला, कुठल्या अक्षरात लावा हे कुणी ठरवलं, असं मी नंतर महेबूबला विचारलं. तो डोळे पुसत म्हणाला, “कुणी ठरवायचं अण्णा? सुजाता लागतोच की.”

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या तेराव्यासारख्या, दिवशी सुजाताला मी दगडाचं सगळं सांगितलं. त्याची मनाई होती, पण मनाई करणारा राहिला नव्हता, आणि ती बापावर रागावलेलीच राहावी हे मला सहन होईना. तिचे दिवस भरत आले होते. पाठीला उशी लावून तिनं सगळं ऐकलं, आणि विचारलं, “म्हणजे पप्पा माझ्यापायी भ्यायले होते?” मी म्हणालो, तुझ्यापायी आणि तुझ्यासाठी. ती रडली तेव्हा वहिनी धावत आल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

काही दिवसांनी तिला मुलगी झाली. मागच्या आठवड्यात ती बाळाला घेऊन, मावशीला सोबत घेऊन, माझ्या दुकानात आली. नामकरणाचं कार्ड छापायचं होतं. मी तिला नवीन नमुने दाखवायला लागलो, फुलांचे, पाळण्याचे. तिनं बाजूला सारले आणि पर्समधून पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला. “काका, माझ्याच अक्षरात लावा.” मी म्हणालो, बेटा, तुझा बाप या अक्षराला घाबरला होता, आणि मी तर त्याच्याहून भित्रा आहे. बाळाचं नाव आहे, पहिलं नाव. कशाला? तिनं बाळाचं टोपडं सरळ केलं. “पप्पा भ्यायले आणि थांबले. मग काय झालं, काका? थांबून कोण वाचलं?” मावशी दुसरीकडं बघायला लागल्या. “मला एवढंच बघायचं हाय, एकदा तरी ह्या अक्षरात कुणीतरी आलेलं.”

लावलं. कार्डं ती घेऊन गेली, एक माझ्याकडं ठेवून गेली, आणि मी ते काचेत लावलं, जिथून मी पूर्वी त्याचा नमुना काढला होता तिथंच.

काल दुपारी भाजीच्या पाट्या उतरवून एक ओळखीची अक्का सावलीला दारात टेकली. तिनं काचेकडं बघितलं आणि पदर डोक्यावर घेतला. “कोण गेलं ओ?”

“कुणी न्हाई अक्का. गेलं न्हाई, आलंय. सूर्यकांत सराची नात हाय.”

तिला ते पटलं नाही. उठून जवळ आली, काचेवर बोट ठेवून एक एक अक्षर लावत नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग दोन्ही हातांची बोटं कानशिलावर कडाकडा मोडली आणि पाट्या उचलून गेली. बाळाची दृष्ट काढली की अक्षराची, मला सांगता येत नाही. ती गेल्यावर मी कार्ड काचेतून काढलं, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि उलटं धरलं. वाचलं नाही, बघितलं. ‘द्ध’ त्यात कुठं नव्हता. कल मात्र त्याच बाजूला होता. बराच वेळ धरून बसलो. मग सुलटं केलं, पोरीचं नाव मोठ्यानं वाचलं, आणि परत काचेत लावलं.